विश्लेषण : कृष्णविवराबद्दलचा हौशी तर्क शोध कधी ठरतो? कल्याणच्या थाळ्यांपासून खारबावच्या फोनपर्यंत

वसई-दिवा रेल्वेमार्गावरचे भिवंडी तालुक्यातले खारबाव आणि तिथून सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली एक दीर्घिका यांचा संबंध काय, असे कुणी विचारले तर ती थट्टा वाटेल. संबंध आहे, आणि तो हातातल्या स्मार्टफोनपर्यंत येऊन पोहोचला आहे. आरएडी १२ नावाच्या त्या दीर्घिकेतले कृष्णविवर शेजारच्या दीर्घिकेच्या दिशेने प्रचंड झोत सोडत असल्याचे ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर झाले. ते हेरण्यात पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा वाटा होता, तसाच घरी बसून आकाशाच्या प्रतिमा न्याहाळणाऱ्या नागरिकांचाही होता.

कृष्णविवरांवरचे व्हिडीओ पाहून ‘मला वाटते ते असे असणार’ म्हणणारे गावोगाव आहेत. कुणाला वाटते, कृष्णविवर पोट भरले की फुटते. कुणी म्हणते, आत गेलेले सारे दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. यांतले बहुतेक तर्क चहाच्या टपरीपलीकडे जात नाहीत. काही थोडे मात्र विज्ञानात शिरतात. ते कोणत्या वाटेने, हे पाहण्यासारखे आहे.

काहीच सुटत नाही, मग एवढे तेज कुठून येते?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. कृष्णविवरातून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही, हे बरोबर. पण दूरच्या दीर्घिकांतून दिसणारे तेज कृष्णविवराच्या आतून येतच नाही. ते येते त्याच्या दारातून.

दीर्घिकेच्या मध्यभागी लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. भोवतालचा वायू त्यात सरळ पडत नाही. मोरीच्या जाळीभोवती पाणी गरगरते तसा तो फिरत फिरत एक तबकडी तयार करतो. या तबकडीतले थर एकमेकांवर घासले जातात, तापतात आणि झळाळू लागतात. सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाचा जेमतेम ०.७ टक्का भाग ऊर्जेत बदलतो. कृष्णविवरात पडणारा वायू आत जाण्याआधी सुमारे १० टक्के देऊन जातो. वर्षाला एका सूर्याएवढा वायू गिळणारे कृष्णविवर या हिशेबाने सुमारे दीड लाख कोटी सूर्यांएवढे तेज बाहेर टाकते. आपल्या आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांचा प्रकाश एकत्र केला तरी तो याच्या कितीतरी खाली राहतो. अशा झळाळत्या केंद्रांना क्वासार म्हणतात.

काही ठिकाणी तबकडीच्या दोन्ही अंगांनी, जवळपास प्रकाशाच्या वेगाने, विद्युतभारित कणांचे झोत निघतात. चुंबकीय क्षेत्रातून जाताना हे कण रेडिओ लहरी सोडतात. म्हणूनच डोळ्यांना साधी दिसणारी दीर्घिका रेडिओ दुर्बिणीत एखाद्या व्यायामशाळेतल्या डंबेलसारखी दिसते : मध्ये छोटी दीर्घिका, दोन बाजूंना लाखो प्रकाशवर्षे पसरलेले दोन फुगे.

पहिला तर्क कुणाचा?

‘कृष्णविवर’ हा शब्द जन्माला येण्याच्या किती तरी आधी, १७८३ मध्ये, जॉन मिचेल या इंग्रज धर्मोपदेशकाने एक गणित मांडले. मिचेल पूर्वी केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते, पण तेव्हा यॉर्कशरमधल्या एका खेड्यात चर्चचे काम पाहत होते. सूर्याएवढ्याच घनतेचा, पण व्यासाने ५०० पट मोठा तारा असेल तर त्याच्या ओढीतून प्रकाशही सुटणार नाही, असे त्यांनी दाखवले. एवढ्यावर ते थांबले असते तर तो एक गमतीदार तर्क म्हणून राहिला असता. त्यांनी पुढचे वाक्यही लिहिले : असा तारा दिसणार नाही, पण त्याच्याभोवती फिरणारा दुसरा तारा असेल तर त्याच्या चालीवरून अदृश्य ताऱ्याचा पत्ता लागेल.

आकाशगंगेच्या मध्यभागी, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षांवर, ४० लाख सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे हे दोनशेहून अधिक वर्षांनंतर नेमके याच मार्गाने कळले. तिथे एक तारा सुमारे १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. त्याच्यासारख्या ताऱ्यांचा वर्षानुवर्षे पाठलाग करणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चे नोबेल मिळाले. मिचेल यांचा तारा आणि आजचे कृष्णविवर यांमागचे भौतिकशास्त्र वेगळे आहे. तपासणीची युक्ती मात्र तीच.

दुसरे नाव ग्रोट रीबर यांचे. शिकागोजवळच्या व्हीटन गावातला हा रेडिओ अभियंता. १९३७ मध्ये त्याने स्वतःच्या पैशांनी घराशेजारच्या मोकळ्या जागेत ३१ फूट व्यासाची थाळी उभारली. दिवसा मोटारींच्या ठिणग्यांचा अडथळा येई, म्हणून तो रात्री नोंदी घेई. जवळजवळ दशकभर जगात रेडिओ लहरींनी आकाश पाहणारा तो एकटाच होता. त्याच्या नकाशात हंस तारकासमूहात एक उजळ जागा उमटली. आज तिला सिग्नस ए म्हणतात. ती सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली दीर्घिका आहे, हे त्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्याने तर्क कमी लढवले आणि नोंदी जास्त ठेवल्या.

तज्ज्ञांचे तर्क तरी बरोबर ठरतात का?

नेहमी नाही. सिग्नस एचेच पाहा. १९५०च्या दशकात वॉल्टर बाडे या नामवंत खगोलशास्त्रज्ञाने ही दोन दीर्घिकांची टक्कर असल्याचे सांगितले. रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांना ते पटेना. दोघांत पैज लागली. वर्णपटात बाडे यांना हव्या तशा रेषा सापडल्या, मिन्कोव्स्कींनी हार मानली आणि व्हिस्कीची बाटली दिली. पुढे उलगडले की त्या रेषा टक्करीचा पुरावा नव्हत्या. एवढी ऊर्जा टकरीतून निघतच नाही. वायू गिळणारे अतिप्रचंड कृष्णविवर हे उत्तर १९६४ मध्ये एडविन सॅल्पिटर आणि याकोव्ह झेल्दोविच यांनी सुचवले आणि १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी ते दीर्घिकांच्या केंद्रांना लागू केले. बाटली परत मागितल्याची नोंद नाही.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण डॉ. जयंत नारळीकरांचे. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा आलेल्या बहुतेक लेखांत त्यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांताचा उल्लेख होता. दीर्घिकांच्या केंद्रांतल्या उलथापालथीबद्दल त्यांनी मांडलेला तर्क त्यामानाने कमी परिचित आहे. काळाची फीत उलटी फिरवली तर कृष्णविवराचे जे होईल ते श्वेतविवर : आत काही जात नाही, बाहेर मात्र उसळते. अशा श्वेतविवरांतून अतिऊर्जावान प्रारणे येत असावीत, असा लेख नारळीकरांनी अप्पा राव आणि नरेश दधिच यांच्यासह १९७४ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिला. नंतर फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ पासून मांडलेल्या सिद्धांतात तर विश्वात जागोजागी छोट्या निर्मिती-घटना घडतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुरावा त्यांच्या बाजूने झुकला नाही. उटीच्या दुर्बिणीतून गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी १९७५ मध्ये मांडलेले निष्कर्ष स्थिर विश्वाच्या विरोधात गेले. विशेष म्हणजे तेव्हा नारळीकर आणि हे दोघे एकाच संस्थेत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

त्याच १९७४ सालची आणखी एक गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित लेखकाच्या कथेला पहिले बक्षीस मिळाले. कथेचे नाव ‘कृष्णविवर’. लेखक अर्थात नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलटी केली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्या हस्ताक्षरात पाठवली होती. प्रसिद्ध नाव बाजूला ठेवून मजकूर टिकतो का, हे त्यांना पाहायचे होते. कृष्णविवराबद्दल बोलणाऱ्या कुणाही हौशी माणसाला हीच अपेक्षा असते : नाव बघू नका, म्हणणे बघा.

कल्याणचा या गोष्टीशी काय संबंध?

खारबावहून भिवंडी आणि तिथून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कल्याण. आज गर्दी आणि लोकलसाठी ओळखल्या जाणाऱ्या कल्याणजवळ १९६५ मध्ये टाटा संस्थेने आपली पहिली रेडिओ दुर्बीण सुरू केली होती, हे खुद्द कल्याणकरांनाही फारसे माहीत नसते.

गोविंद स्वरूप तरुणपणी ऑस्ट्रेलियात पॉट्स हिल येथे शिकत होते. तिथल्या सहा फूट व्यासाच्या ३२ थाळ्या टाकून देण्याच्या बेतात असताना त्या त्यांनी भारतासाठी मागून घेतल्या. काही वर्षे त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत पडून होत्या. स्वरूप १९६३ मध्ये टाटा संस्थेत आले आणि थाळ्या कल्याणला पोहोचल्या. पूर्व-पश्चिम ओळीत २४, उत्तर-दक्षिण ओळीत आठ. त्यांनी सूर्य न्याहाळला, दूरच्या दीर्घिका नव्हे. पण भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांची पहिली फळी याच थाळ्यांवर हात घालून तयार झाली. तीच मंडळी पुढे उटीला गेली आणि मग जुन्नर तालुक्यातल्या खोडदला.

खोडदची जीएमआरटी म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. १४ मध्यभागी एकमेकींजवळ, बाकीच्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्या मिळून एकाच मोठ्या दुर्बिणीसारख्या काम करतात. भिवंडी परिसरात रात्रभर उजळलेल्या गोदामांमुळे आणि चार महिन्यांच्या पावसामुळे आकाश पाहणाऱ्यांचे जे हाल होतात, ते या दुर्बिणीचे होत नाहीत. तिला ढग आणि दिवे आडवे येत नाहीत. तिचे वैर मोबाइलच्या लहरींशी आणि ठिणग्या टाकणाऱ्या यंत्रांशी.

आरएडी १२ मध्ये नेमके काय सापडले?

जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झला आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग धुंडाळला आणि त्यात सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोत सापडले. हा सगळा साठा खुला आहे. प्रत्येक स्रोत निवांतपणे पाहायला शास्त्रज्ञ पुरणार कुठून? मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाच्या संयुक्त मूलभूत विज्ञान केंद्रातले डॉ. आनंद होता यांनी २०१३ मध्ये ‘रॅड ॲट होम’ हा उपक्रम सुरू केला तो यासाठी. विज्ञान-अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि पदवीधर यांना प्रशिक्षण द्यायचे, वेगवेगळ्या लहरींतल्या प्रतिमा एकावर एक चढवायला शिकवायचे आणि वेगळे काही दिसले की समाजमाध्यमावरच्या गटात चर्चा करायची. निवडक वस्तूंसाठी मग जीएमआरटीचा वेळ मागायचा.

आरएडी १२ चे वेगळेपण २०१३ मध्येच, दृश्य प्रकाशातल्या आणि अमेरिकेतल्या रेडिओ सर्वेक्षणांच्या प्रतिमा जुळवताना लक्षात आले होते. झोत सहसा जोडीने निघतात. इथे एकच दिसत होता आणि तोही शेजारच्या दीर्घिकेकडे वळलेला. या दोन दीर्घिका एकमेकींत विलीन होण्याच्या वाटेवर आहेत. जीएमआरटीने अधिक खोल पाहिल्यावर चित्र उघडले : केंद्रातून निघालेला शंकूसारखा तरुण प्लाझ्मा आणि त्याच्या टोकाला छत्रीसारखा पसरलेला जुना, फिकट प्लाझ्मा. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या अळंबीसारखा आकार, लांबी मात्र ४ लाख ४० हजार प्रकाशवर्षे. ज्या दीर्घिकेतून तो निघाला तिच्यापेक्षा कितीतरी मोठा.

याला महत्त्व का? तारे बनतात ते थंड वायूपासून. कृष्णविवराचा झोत हा वायू तापवतो किंवा ढकलून देतो आणि दीर्घिकेतली ताऱ्यांची निपज मंदावते, असे मानले जाते. झोत स्वतःच्या घरावर काय परिणाम करतो हे बरेचदा पाहिले गेले आहे. विलीन होत असलेल्या शेजाऱ्यावर तो आदळत असल्याची उदाहरणे फार थोडी. बाडे यांची ‘टक्कर’ अशी सत्तर वर्षांनी पुन्हा गोष्टीत आली, मात्र ऊर्जेचा उगम म्हणून नव्हे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये याच उपक्रमातून आणखी एक शोध आला. युरोपातल्या लोफार दुर्बिणीच्या प्रतिमांत एकमेकांना छेदणारी दोन रेडिओ कडी सापडली. अशा ‘विचित्र रेडिओ वर्तुळां’पैकी आतापर्यंतचे हे सर्वात दूरचे आणि सर्वात शक्तिमान. तिथला प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय आजच्या निम्मे होते. ही कडी कशाने बनतात, यावर अजून एकमत नाही.

गणक हे काम करणार नाही का?

करतोच आहे. पण गणकाला जे शिकवले ते तो वेगाने ओळखतो. जे कुणीच पाहिलेले नाही ते तो बरेचदा कचऱ्यात टाकतो. हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेने २००७ मध्ये दीर्घिकांचे वर्गीकरण करता करता एका प्रतिमेतला विचित्र डाग पाहून ‘हे काय आहे?’ असे विचारले. तो निघाला वायूचा प्रचंड ढग, शेजारच्या दीर्घिकेतल्या आता मंदावलेल्या क्वासारच्या जुन्या प्रकाशाने उजळलेला. तिच्याकडे सिद्धांत नव्हता, फक्त प्रश्न होता आणि बोट ठेवायला एक जागा होती.

मग टपरीवरच्या तर्कांचे काय?

ते तपासता येतात, आणि त्यासाठी मोठे गणित लागत नाही. ‘कृष्णविवर एक दिवस अख्खी आकाशगंगा गिळेल’ हे घ्या. आकाशगंगेत १० हजार कोटींहून अधिक तारे आहेत आणि मधले कृष्णविवर ४० लाख सूर्यांचे. दूर अंतरावर त्याची ओढ तेवढ्याच वस्तुमानाच्या दुसऱ्या कशाहीसारखी. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आले, तर त्याची त्रिज्या तीन किलोमीटर असेल, अंधार होईल, गारठा पडेल, पण पृथ्वी आपल्या कक्षेतच फिरत राहील.

‘पोट भरले की फुटते’ याची कसोटी वेगळी. फुटणारी वस्तू एकदाच फुटते. सिग्नस एसारखे झोत लाखो वर्षे चालू असतात. क्षणिक घटनाही असतात, पण त्यांचे कारण उलटे. फेब्रुवारी २०२२ मध्ये दिसलेला एटी२०२२सीएमसी हा भडका सुमारे ८५० कोटी प्रकाशवर्षांवरून आला. त्याचा पाठपुरावा करणाऱ्यांत आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकारी होते. लडाखमधल्या हानले येथील दुर्बीण आणि जीएमआरटी दोन्ही वापरल्या गेल्या. एक तारा कृष्णविवराच्या फार जवळ गेला, ओढीने फाटला आणि त्याच्या चिंध्या गिळताना निघालेला झोत योगायोगाने थेट आपल्याकडे रोखलेला होता. फुटला तो तारा.

वेळेची कसोटी तर फारच सुंदर आहे. एखाद्या स्रोताचे तेज दोन दिवसांत ठळकपणे बदलत असेल, तर तो दोन प्रकाशदिवसांहून फार मोठा असू शकत नाही. कारण एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला प्रकाशापेक्षा लवकर पोहोचत नाही. अब्जावधी सूर्यांचे तेज सूर्यमालेपेक्षा फार मोठ्या नसलेल्या जागेतून येते हे एकदा कळले की बरेच तर्क आपोआप गळतात. ताऱ्यांचा दाट थवा, एकामागून एक स्फोट, सगळे. उरते ते कृष्णविवर. १० एप्रिल २०१९ रोजी एम ८७ दीर्घिकेतल्या ६५० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराभोवतालचे तेजाचे कडे जगाने पाहिले, तेव्हा खगोलशास्त्रज्ञांना आश्चर्य वाटले नाही ते यामुळेच.

खारबावमध्ये बसून काय करता येईल?

दुर्बिणीतून क्वासार पाहण्याचा हट्ट असेल, तर कन्या राशीतला ३सी २७३ आठ इंची दुर्बिणीत अंधाऱ्या ठिकाणाहून बारीक ठिपक्यासारखा दिसतो. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीचा प्रकाश. भिवंडीच्या आकाशात ते कठीण. कल्याणपलीकडे वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन होते, तिथे शक्यता बरी.

तर्क पडताळायचा असेल तर फोन पुरतो. जीएमआरटी आणि लोफारच्या प्रतिमा खुल्या आहेत. ‘रॅड ॲट होम’मध्ये विज्ञानाची पार्श्वभूमी लागते. ती नसेल तर झूनिव्हर्स या व्यासपीठावरच्या प्रकल्पांना पदवीची अट नाही. तिथे रेडिओ प्रतिमेतले फुगे कोणत्या दीर्घिकेचे, एवढेच सांगायचे असते.

खरी अडचण भाषेची आहे. सूचना, प्रशिक्षण, चर्चा जवळपास सगळे इंग्रजीत. मराठीत शिकलेला, डोळा तयार असलेला मुलगा पहिल्याच पानावर अडतो. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर स्वाक्षरीसह येईल. पोस्टकार्ड गेले, आणि त्या उत्तराची जागा व्हिडीओंनी घेतली, ज्यांना उलट प्रश्न विचारता येत नाही. खोडदमध्ये दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास विज्ञान दिनानिमित्त दुर्बीण पाहायला लोक येतात, शाळांची प्रदर्शने मांडली जातात आणि शास्त्रज्ञांशी मराठीत बोलता येते. आरएडी १२ चा दुसरा झोत कुठे गेला, हे तिथे विचारायला हरकत नाही. त्याचे नक्की उत्तर अजून कुणाकडेच नाही.